विडा रंगेना

बांगडी भरायला हात पुढे केला आणि त्या माणसानं मला चक्क डोळा मारला!

भर बाजारात! आणि माझे आब्बा तिथेच शेजारी, पानाच्या गादीवर बसलेले...

तशी मी काही गरीब गाय नव्हते. इस्लामपूरच्या तांबोळ्याची पोर मी, साबेरा. कुणी वाकडं पाहिलं तर अडकित्ता उगारणारी. पण त्या दिवशी काय झालं कोण जाणे, मी मान खाली घालून नुसती हाताकडे बघत राहिले.

"दुखलं का?" त्यानं विचारलं.

"न्हाई..."

"मग हात का कापतोय?"

"तुमी धरलाय म्हणून."

"सोडू?"

"सोडू नका... म्हंजे, बांगडी तर चढू द्या!"

तो हसला. हसूही अर्धंच, ओठाच्या एकाच बाजूनं.

त्याचं नाव रहिमान. विट्याचा मणेर, बांगड्या भरणारा. आमच्या गादीशेजारी त्याची म्हातारी खाला, म्हणजे मावशी, बांगड्या घेऊन बसायची, तिच्या जागी आता हा यायला लागला होता. जर्मनची लढाई संपून काचेचा माल पुन्हा मिळायला लागला होता, त्यामुळे बायकांची ही गर्दी! आणि हा पठ्ठ्या चैत्राच्या उन्हात गळ्याभोवती, गालांवरून मफलर गुंडाळून बसलेला. गालगुंड झालंय, म्हणाला. डोळेही लाल. तरी देखणा दिसत होता, आता काय करू?

"वाईच पाणी मिळंल?" त्यानं विचारलं. मी तांब्या दिला. घटकाभरानं पुन्हा, "पाणी मिळंल?" दर बाजाराला तेच. एवढं पाणी का कुणी तहानेनं पितं? हे सगळे माझ्याशी बोलायचे बहाणे, असं मी मनाशी धरलं आणि बाजाराच्या आदल्या दिवसापासून माठ घासायला लागले.

मग एक दिवस खालानं आब्बांकडे मागणीच घातली. आब्बा म्हणाले, "पुढच्या बाजाराला उत्तर द्यायचंय. तुझ्या मनात काय हाय, ते सांग."

मनात काय होतं ते माझ्या तोंडावरच लिहिलेलं होतं. पण म्हटलं, एकदा परीक्षा घेऊ. विडा जेवढा लाल रंगेल तेवढी माया दाट, असं म्हणतात. तांबोळ्याच्या पोरीनं दुसरं काय करावं? बाजाराच्या दिवशी कोवळं पान निवडलं, कात-चुना बेतानं लावला, वर लवंग टोचली आणि विडा त्याच्या हातावर ठेवला.

त्यानं तो चघळला. किती वेळ चघळला! मग हळूच तोंड फिरवून थुंकला. मी वाकून पाहिलं... नुसता कोरडा हिरवा चोथा. लालीचा टिपूस नाही.

हातच्या काकणाला आरसा कशाला? याची माया माझ्यावर नव्हतीच. मग कुणावर होती?

मान वर केली तर समोर शालूबाई! ऊसवाल्यांची सून, नवरा पलटणीत, रंग केतकीसारखा. तिचा गोरा हात याच्या हातात आणि... यानं तिला डोळा मारला!

"साबेरा, ह्यो मणेर लय चावट हाय गं!" शालूबाई माझ्याकडे येऊन खिदळली. "आमच्या बनुबाईला बी मारला. सत्तरीची म्हातारी, घरी जाऊन केसाला तेल लावत बसली!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शालूबाईचा राग आला, बनुबाईचा आला, त्याच्या मांडीवरच्या बांगड्यांच्या माळांचासुद्धा आला. दिवसभर हा परक्या बायकांचे हात कुरवाळणार आणि मी घरात पानं पुसत बसू? छट्! आब्बांना नाही म्हणून सांगायचं, ठरलं.

बाजार मोडता मोडता तो तांब्या परत द्यायला आला. खाली बघत म्हणाला, "साबेरा, आब्बास्नी न्हाई म्हणून सांग."

मी ठरवलं होतं तेच तो बोलला, तरी मला रडूच फुटलं.

"का? शालूबाई हाय म्हणून?"

"कोण शालूबाई?"

"मी बघितलंय! सगळ्यास्नी डोळा मारताय. म्हातारीला बी सोडलं न्हाई!"

मग त्यानं मफलर सोडला. दोन्ही कानांखाली गाल टरारून सुजलेले.

"ह्ये गालगुंड न्हाई," तो म्हणाला. "मिरजेच्या डाक्टरानं हातभर लांब इंग्रजी नाव सांगितलंय. लय क्वचित हुतं म्हणं. डोळं सुजत्यात, लाळंच्या गाठी सुजत्यात. तोंड कोरडं ठाक पडतंय. तुझा विडा चावला, पर त्यो भिजायला लाळ तर पायजे... ही अर्धी बाजू झोपल्यागत झालीया. उजवा डोळा मिटतच न्हाई. पापणी हलवली की डावाच तेवढा मिटतो."

मग एकदम लक्षात आलं.

"म्हंजे... मला मारला त्यो बी आजारच?"

"व्हय."

"खोटं तरी बोलायचं की!" मी पाय आपटला. शालूबाईची पीडा गेली, पण माझ्या हातीही काही उरलं नाही!

"मग खालाला मागणी घालाय कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"मीच." आता त्याचाच आवाज कापत होता. "आपसूक बरं हुईल, असं वाटलं हुतं. आता डाक्टर म्हणतोय, गाठी बसतील, तोंड सरळ हुईल... पर ह्या डोळ्याचा भरवसा न्हाई. मिरजंला ऱ्हावं लागंल, म्हैना-दोन म्हैनं. तुला कशाला बांधून ठेवू?"

"तिथं नर्सा असत्यात?"

"असत्यात की."

"आन् तुमी त्यांच्याकडं बघून पापणी हलवणार?"

"आगं, पापणी हलवायची थांबवू कशी?"

मी पदरानं तोंड पुसलं आणि तिथूनच हाक मारली, "आब्बा! ह्ये मिरजंला जायच्या आधी निकाह उरकून घ्या. मी संगं जाणार. ह्यांला एकटं सोडायचं न्हाई!"

आब्बांच्या हातातला अडकित्ता जागीच थांबला. रहिमान माझ्याजवळ सरकला. न मिटणाऱ्या डोळ्यातून पाणी वाहत होतं, मिटणाऱ्यातूनही.

"साबेरा... आन् डोळा गेलाच तर?"

मला भीती वाटली. खूप वाटली. तरी मी त्याचा हात घट्ट धरला, सगळ्या बाजारादेखत.

"गेला तर गेला. निम्म्याच बाया दिसतील तुमास्नी."