निवटीची अंडी

निवटीची अंडी शोधायची होती. तीही गव्हाणच्या खाडीत, कांदळवनाच्या मागे ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलाच्या बेटावर. पुढच्या वर्षी त्या बेटावर भराव पडणार होता, आणि भराव टाकणाऱ्यांचं म्हणणं होतं की तिथे नुसता चिखल आहे, वाढत काहीच नाही. निवटी म्हणजे चिखलात बीळ करून राहणारा, परांवर सरपटत बाहेर येणारा लहानसा मासा. बेटावर निवट्या पुष्कळ दिसत. पण त्या तिथेच वीण करतात हे सिद्ध करायचं तर बिळाच्या छताला चिकटलेली अंडी हवीत, आणि तीही चिखलाच्या अखंड ढेकळासकट.

हे काम पनवेलच्या नशराने अंगावर घेतलं होतं. लग्नानंतर तिचं संशोधन सुटलं होतं. नवरा नोमान कुवेतला, लेक अरीबा लहान, सासू नूरुन्निसा दमेकरी. बघता बघता वर्षं निघून गेली. मग घरासाठी थांबलेल्या बायकांना पुन्हा प्रयोगशाळेत आणणारी एक योजना निघाली. कॉलेजात तिला जीवशास्त्र शिकवलेल्या दमयंतीबाई स्वतः तिच्या घरी आल्या, अर्ज करायला लावून गेल्या आणि आपल्या प्रयोगशाळेत तिला टेबल दिलं. योजनेतली तिची जागा पुढे टिकायची, तर या पावसाळ्यात काहीतरी हाती लागायलाच हवं होतं.

प्रयोगशाळेतली बाकीची मुलं तिच्याहून खूप लहान. ती तिला 'ताई' म्हणत, आदराने बाजूला सरकत आणि आपापले डबे घेऊन गच्चीवर निघून जात. नशरा खिडकीपाशी एकटीच जेवायची. संध्याकाळी सासू विचारायची, "आज कायतरी मिळालं का, बेटा?" त्या प्रश्नात टोमणा नसायचा, तरी उत्तर द्यायला तिला जड जायचं.

२०११ च्या भाद्रपदातली अमावास्या. मोठ्या ओहोटीचा दिवस. काशिरामची होडी गव्हाणच्या धक्क्यावरून सुटली. होडीत तिघंच: नशरा, दमयंतीबाई आणि सुकाणूवर काशिराम.

"मॅडम, तुम्ही यायला नको होतं. गुडघे दुखतात तुमचे," नशरा म्हणाली.

"घरी बसूनही दुखतात," बाई म्हणाल्या.

बेट आणि होडी यांच्यामध्ये पाण्याचा एक अरुंद, खोलगट पट्टा होता. काशिराम त्याला नाळ म्हणायचा. ओहोटीला ती गुडघाभर पाण्यातून पार करता यायची.

"बाय, पानी फिरला का लगेच निंगा," तो म्हणाला. "नाळ आधी भरते. होरी हितं चिखलात बसंल, मी वळनाच्या पलीकडं थांबतो."

फोन पिशवीत बांधून होडीतच ठेवले. कॅमेरा, लांब फळी आणि झाकणाचा निळा ड्रम घेऊन दोघी उतरल्या. होडी वळणाआड गेली, आणि मग सगळीकडे फक्त चिखल उरला. करडा, चकचकीत, क्षितिजापर्यंत पसरलेला. दूर न्हावा शेवा बंदराच्या क्रेन माना वर करून उभ्या होत्या, पण त्यांचा आवाज इथवर येत नव्हता. ऐकू येत होती ती फक्त बिळांतून फुटणाऱ्या बुडबुड्यांची बारीक टपटप. इथे आपल्याला काही झालं तर कुणाला कळणारही नाही, हे नशराच्या मनात आलं आणि तिने ते बाजूला सारलं.

बीळ उकरायचं, खांद्यापर्यंत हात घालायचा, छत चाचपायचं. रिकामं. पुढचं. तेही रिकामं. ऊन चढलं, पाठ भरून आली. बाई फळीवर पालथ्या पडून काम करत होत्या.

आणि मग नशराच्या बोटांना खरखरीत काहीतरी लागलं.

दोघींनी मिळून ढेकूळ हळूच उचलून उलटं केलं. आतल्या बाजूला मधासारख्या रंगाचे बारीक दाणे दाटीने चिकटले होते, आणि प्रत्येक दाण्यात काळा ठिपका. डोळे! बाई चष्मा कपाळावर सारून ढेकळावर वाकल्या.

"मॅडम, पाणी," नशरा म्हणाली.

नाळ भरायला लागली होती. आनंदाच्या भरात कॅमेरा काढायचंही राहून गेलं. ढेकूळ ड्रममध्ये ठेवून दोघी निघाल्या. निम्म्या वाटेवर बाईंचा पाय फळीवरून घसरला. चिखलाने मांडीपर्यंत गिळला! नशराने दोन्ही हातांनी ओढलं. काहीतरी कटकन वाजलं. बाईंचा चेहरा पांढराफटक पडला.

"घोटा गेला," त्या म्हणाल्या. "तू पुढे हो. काशिरामला घेऊन ये."

"तोवर पाणी छातीला येईल."

नशराने फळी चिखलावर आडवी टाकली, त्यावर लोळून बाईंच्या पायाभोवतीचा चिखल हातांनी उपसला. नखं उलटली. पाय सुटला. त्यांना आणि ड्रमला फळीवर घेऊन ती ढकलत, सरपटत नाळेपर्यंत पोचली. तोवर नाळेचं पाणी कमरेच्या वर गेलं होतं आणि ओढ जबरदस्त होती. बाईंना काठावर उतरवून तिने फळी पाण्यात घातली. पहिल्याच हिसक्यात ती हातातून सुटली आणि गरगरत निघून गेली.

"काशिराम!" तिने हाक मारली. पुन्हा मारली. वळणापलीकडून काही उत्तर आलं नाही.

आता तरंगण्यासारखं एकच होतं. निळा ड्रम. पण तो चिखलाने जड झाला होता.

बाईंना तिच्या मनातलं कळलं. "टाकू नकोस," त्या म्हणाल्या. "नशरा, तुझं सगळं त्यावर आहे."

नशराने झाकण उघडलं. एकदाच आत पाहिलं. मग ड्रम उलटा केला. ढेकूळ पाण्यात पडलं, फुटलं, मधाचे दाणे गढूळ पाण्यात क्षणभर चमकले आणि गेले.

झाकण घट्ट लावलं. बाईंचे हात ड्रमभोवती घातले, ओढणीने बांधले. आणि ती पाण्यात उतरली. पाय टेकेनात. पाणी नाकात गेलं, खारट, चिखलाच्या वासाचं. ती पाय मारत राहिली. प्रवाह दोघींना वाहून नेत होता. नेऊ दे, फक्त ड्रम सुटता कामा नये. वळण आलं, आणि वळणावर काशिरामची होडी. तो वल्ह्याने चिखल रेटत त्यांच्याकडेच येत होता. इंजिन बंद पडलं होतं.

त्याने दोघींना होडीत ओढून घेतलं. कॅमेऱ्यातून पाणी गळत होतं. दवाखान्यात नर्सने विचारलं, "पेशंटबरोबर घरचं कोण आहे?" बाई एकट्याच राहत.

"मी आहे," नशरा म्हणाली.

पौर्णिमेच्या ओहोटीला ती पुन्हा गेली. विणीचा हंगाम सरत आला होता, ही बहुधा शेवटची संधी. काशिराम या वेळी दोर घेऊन नाळेच्या काठावर उभा राहिला. बेटावर मात्र ती एकटीच. बिळामागून बीळ रिकामं निघत होतं, आणि मागच्या वेळी उपसलेल्या खड्ड्यांच्या खुणाही उरल्या नव्हत्या. अर्धी ओहोटी सरल्यावर चिखलात बसून तिला रडूच आलं. पुसायला स्वच्छ हातही नव्हता.

गळ्यात अडकवलेला फोन वाजला.

"मागे वळ," दमयंतीबाई म्हणाल्या. "धक्क्याकडे बघ."

खाडीपलीकडे धक्क्यावर एक पांढरा ठिपका होता. छत्री.

"प्लास्टर आहे ना पायाला? तुम्ही तिथे कशा?"

"रिक्षाने. खुर्ची आणलीय, दुर्बीण आणलीय. मघापासून दिसतेयस तू मला."

"किती वेळ बसणार?"

"तू येईस्तोवर. कर तुझं काम."

नशराने फोन आत सरकवला. पुढचं बीळ रिकामं होतं. त्याच्या पुढचंही. पाणी फिरायला थोडाच वेळ उरला असताना, कांदळाच्या मुळाशी, एका बिळाच्या छतावर, खरखरीत दाण्यांवर तिची बोटं थांबली.

तिने ढेकूळ सोडवलं, उलटं केलं, फोनने फोटो काढले. मग ड्रमकडे वळण्याआधी ती उठून उभी राहिली आणि चिखलाने माखलेले दोन्ही हात धक्क्याच्या दिशेने उंच केले.

पांढरी छत्री क्षणभर तशीच राहिली. मग मिटली. उघडली. मिटली. उघडली.