वरचं अर्धं पान

नेट गेलंय म्हणून एवढं तोंड पाडून बसायला नको. येईल तासाभरात. तोवर बसा इथं. आणि दिवा चालूच राहू दे, उगाच नाटकं नकोत. ही गोष्ट दिव्याखाली सांगितली तरी चालते. माझ्या साडूंच्या बाबतीत घडलेली आहे, आणि तो माणूस इतका रुक्ष आहे की त्याला खोटं सुचतच नाही.

तुम्ही त्यांना ओळखता. घरोघरी जाऊन लॅपटॉप दुरुस्त करतात, वीस वर्षं झाली. त्यांचा एक नियम होता. गिऱ्हाईकाच्या पडद्यावरचं वाचायचं नाही. धंद्याच्या सुरुवातीला एकदा कुणाचं तरी पत्र वाचलं, नको तिथं बोलून बसले आणि त्या घरात भांडण पेटलं. तेव्हापासून कानाला खडा. यंत्र काय तक्रार करतंय तेवढं बघायचं, बाकीची अक्षरं म्हणजे मुंग्या.

गेल्या वर्षी नोव्हेंबरची सत्तावीस तारीख. गुरुवार. दिवसातलं अकरावं काम, रात्रीचे नऊ वाजून पाच मिनिटं, तिसरा मजला आणि लिफ्ट बंद. साडू सांगतात, दुसऱ्या मजल्यावर ते बॅग खाली ठेवून पायरीवर बसलेच होते. परत फिरावं असंही वाटलं. पण फोनवर बाईंचा आवाज फार थकलेला होता, आणि थकलेल्या माणसाला थकलेला माणूस नाही म्हणू शकत नाही.

बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका. एकट्याच राहायच्या. नवरा हेडक्लार्क होता, ऑगस्टमध्ये गेला. खुर्चीत बसल्या बसल्या, याच लॅपटॉपसमोर. दोन बोटांनी टाइप करायचा आणि शब्दागणिक थांबायचा म्हणे. मुलगा परदेशात. बाप-लेकात सहा वर्षं अबोला. जेवताना वाजलं होतं आणि बाप बोलून गेला होता, पुन्हा या घरात पाऊल टाकू नकोस. मुलानं ते पाळलं. बाप गेल्यावरही आला नाही.

आता दर गुरुवारी रात्री दहाला तो आईला लॅपटॉपवर फोन लावायचा, तोंड दिसावं म्हणून. आणि दर गुरुवारी नऊ चाळीसला ब्राउझर गोठायचा. ते गोल चक्र फिरत राहायचं, फिरतच राहायचं. तीन गुरुवार असे गेले. तिसऱ्या वेळी मुलगा बाईंच्या साध्या फोनवर म्हणाला, "आई, राहू दे. त्या घराला मी नकोच आहे." आज एकदा शेवटचं लावून बघतो, नाही लागला तर सोडून देऊ, असं ठरलं होतं.

एवढं सांगून बाई आत स्वयंपाकघर आवरायला गेल्या. साडू त्या खुर्चीत बसले.

घोडं कुठं पेंड खातंय ते शोधायची त्यांची पद्धत ठरलेली. साठलेला कचरा साफ केला. ब्राउझरला चिकटवलेली फालतू एक्स्टेंशन्स काढली. ब्राउझर नवा करून घेतला, लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला. सगळं ठीक. यंत्र लोण्यासारखं चालत होतं. साडूंनी मान चोळली, घड्याळ पाहिलं.

नऊ चाळीस. पडदा गोठला.

त्यांनी कुठलं पान किती जागा खातंय त्याची यादी उघडली. एकच पान सगळी ताकद गिळत होतं. ते होतं मेलचं, अर्धवट लिहिलेल्या पत्राचं. ऑगस्टपासून उघडंच असणार. बाईंनी नवऱ्याच्या कशाला हात लावलेला नव्हता, आणि ब्राउझर उघडला की जुनी पानं आपोआप उघडायची. साडूंनी अक्षरांवरून नजर काढून कडेला नेली. उजवीकडे ती वरखाली सरकणारी पट्टी असते ना? मजकूर वाढला की आखूड होते ती. इथं ती नखाएवढी होती. म्हणजे पत्र लांबलचक.

यंत्रानं विचारलं, पान बंद केलं तर मजकूर जाईल, चालेल? एरवी ते गिऱ्हाईकाला हाक मारून विचारतात. त्या रात्री उठायचा कंटाळा आला. अकरावं काम, पोरांनो. चालेल म्हणून दाबलं.

पान गेलं.

आणि परत आलं. रिकामं.

साडूंना वाटलं, होतं असं कधीकधी. मग कडेला पट्टी उगवली. लांब होती. बघता बघता आखूड व्हायला लागली... जरा थांबायची, पुन्हा आखूड व्हायची. कुणी शब्दागणिक थांबावं तशी.

कळफलकावर कुणाचा हात नव्हता. साडूंचे दोन्ही हात मांडीवर होते.

त्यांनी पुन्हा बंद केलं. न विचारता. घाईघाईत.

पुन्हा आलं. रिकामं. या वेळी बराच वेळ काहीच नाही. नुसती ती उभी रेघ लुकलुकत होती. मग रेघ एकेक ओळ खाली सरकू लागली. काही न लिहिता. एक ओळ... दुसरी... तिसरी...

साडूंची पाचावर धारण बसली. आत बाई चहा ठेवून कपबश्या काढत होत्या. नऊ पन्नास झाले. रेघ अर्ध्या पानावर येऊन थांबली आणि तिथून अक्षरं उमटू लागली. साडूंनी नजर भिंतीकडे वळवली. नियम तो नियम.

पाच मिनिटं गेली. मग त्यांना भीतीचासुद्धा कंटाळा आला. तेच म्हणतात असं. इतके दमले होते की घाबरायलाही त्राण उरलं नव्हतं. समोरच्या माणसाला सांगावं तसं हळूच म्हणाले, "साहेब, आटपा आता. दहाला पोराचा फोन यायचाय."

पंखा थांबला. लॅपटॉपच्या आतला.

खोलीत काही आवाज नाही.

पडद्यावर खाली एक ओळ आली, पत्र पाठवलं. ती मात्र त्यांनी वाचली, कारण ती यंत्राची होती. पान आपलं आपण मिटलं. नऊ छप्पन्न.

बरोबर दहाला फोन वाजला. चित्र स्वच्छ. बाई चहा तसाच ठेवून धावत आल्या, आणि मुलगा आईकडे न बघता कुठंतरी खाली बघत होता. म्हणाला, "आई, बाबांच्या नावानं पत्र आलंय. आत्ता."

त्यानं वाचलं. चारच ओळी होत्या.

"घरी ये. तुझी आई एकटी आहे. बरंच लिहिलं होतं, ते दोनदा पुसलं गेलं, आता पुन्हा जमत नाही. समोर माणूस दमून बसलाय, त्यालाही घर आहे. थांबतो."

मुलगा रडत होता. डोळे पुसून म्हणाला, वर अर्धं पान कोरं सोडलंय, असं का?

बाईंनी मागं वळून साडूंकडे पाहिलं. "भाऊ, तुम्ही इथंच होतात. काय लिहिलं होतं हो त्यांनी?"

"मी वाचत नाही, बाई."

दुसरं काय सांगणार? खरं तेच सांगितलं. पण सहा वर्षांचं पत्र होतं ते, मला नंतर म्हणाले, आणि मी उठायच्या कंटाळ्यानं पुसलं. तेव्हापासून कुठलंही पान मिटण्याआधी अक्षर न् अक्षर वाचतात, घरच्यांना हाक मारून दाखवतात. म्हणून हल्ली त्यांना घरी यायला अकरा वाजतात, आणि तुमची मावशी माझ्या नावानं खडे फोडते, मीच हे डोक्यात भरवलं म्हणून.

मुलगा जानेवारीत आला. आता आईजवळच असतो. साडूंना भेटायला आला तेव्हा मी तिथं होतो. पत्र कागदावर छापून आणलं होतं. त्यानं साडूंना पुन्हा तेच विचारलं, अगदी हळू, राग न धरता. थोडंसं तरी दिसलं असेल ना, काका? एखादा शब्द? साडूंनी नाही म्हणून मान हलवली.

मग त्यानं कागद माझ्या हातात दिला. खाली चार ओळी. वरचं अर्धं पान कोरं. बोट फिरवलं तर मात्र तिथं खळगे लागत होते, दाबून लिहून खोडल्यासारखे, ओळीमागून ओळ... छापलेल्या कागदावर. असाच दिवा होता. मी तो दिव्यासमोर धरला, तिरका धरला, पुन्हा पुन्हा धरला.

एक अक्षर लागलं नाही.