दोन फेजवरची मोटार

घोडेगावच्या चौकातल्या मोटार रिवायंडिंगच्या दुकानात दिशा शिरली ती रडवेल्या तोंडाने. बाहेर टेम्पोत सूर्यभानकाकांच्या विहिरीवरची जळकी मोटार, आणि हातात प्रबंधाची वही. वहीतल्या गणिताप्रमाणे प्रत्येक फेजला सात अँपिअर यायला हवे होते. मीटरने मात्र एका फेजला अकरा दाखवले होते. सोमवारी पुण्यात सरांपुढे हा मेळ बसला नाही, तर एमटेकचे सहा महिने पाण्यात!

"मोटारीचं गनित कागदावर करताय? लईच धाडस," दुकानाचा मालक आसाराम हसला. त्याच्या केसांत तांब्याच्या तारेचा तुकडा अडकला होता. दिशाला उगाच तो काढावासा वाटला... छे, भलतंच!

त्याने मोटार उघडली. "हे बघा. दोन फेजची कॉइल काळी ठिक्कर, तिसरी नव्या नवरीवानी लख्ख. तिसरी फेज नसताना काकांनी दोनच फेजवर कंडेन्सर लावून चालवली हाय."

"शक्यच नाही! काका म्हणाले, तीन फेज आहेत."

"इंजिनियर पुतनीपुढं कोन कबूल करंल? स्टार्टरच्या पेटीवर पोतं टाकलं हुतं का?"

टाकलं होतं! दिशाने कपाळावर हात मारला. तीन दिवस ती तिन्ही फेज सारख्या धरून समीकरणं मांडत बसली होती, आणि काकांनी लाजेखातर जुगाड झाकून ठेवलेला. ती तिथेच स्टुलावर बसली. तो तारेचे वेढे मोजून सांगायचा, ती नव्याने गणित मांडायची. वॉर्निशचा उग्र वास, मध्येच चहा, मध्येच — नजरेला नजर. दुपार कलली तेव्हा उत्तर आलं. अकरा!

आनंदाच्या भरात तिने चक्क त्याचा हात धरला, आणि सोडायला अंमळ उशीरच केला.

"आता... इकडं येनं व्हायचं न्हाई तुमचं?" त्याने हातातल्या पक्कडीकडे बघत विचारलं.

पंधरा दिवसांनी ती आली. सर खूश होते, प्रबंध छापायला जाणार होता.

"आधी हे पान बघा. आभारात तुमचं नाव लिहिलंय."

त्याने वाचलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"खोडा ते."

दिशाचा चेहरा पडला. "का?"

"आभार परक्याचं मानत्यात. आपल्या मानसाचं..." तो अडखळला. मग मान वर करून म्हणाला, "मला परकं न्हाई ऱ्हायाचं, दिशा."

तिने पेन काढलं. इतक्या आनंदाने तिने आजवर एकही ओळ खोडली नव्हती.

"खोडलं," ती म्हणाली, "पण घरी सांगायला तू यायचंस."