शेपूट

"रस्त्याकडेला माणूस ओकत बसलेला दिसतो आणि तरी ज्यांचा पाय ब्रेकवर जात नाही, त्यांना मी माणसात धरत नाही. मग ते इथले असोत नाहीतर सातासमुद्रापलीकडचे."

काकांनी सुरुवातच अशी केली. सायकलच्या दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलेलं. समोर पुतण्या आणि त्याचे मित्र, पुढच्या आठवड्यात सायकली घेऊन परदेशी निघालेले.

"माझ्या मित्राच्या बाबतीत घडलंय. अजून आहे तो. हवं तर विचारा. सांगणार नाही, पण विचारा."

त्या मित्राला सायकलवाल्यांच्या ग्रुपमध्ये सगळे कंपाउंडर म्हणत. त्याचं औषधांचं दुकान, त्यामुळे सफरीत सगळ्यांच्या गोळ्या त्याच्याच पिशवीत. ओळीत तो सर्वांत मागे असे आणि त्याच्या पुढे त्याचा धाकटा भाऊ. धाकटा पहिल्यांदाच देशाबाहेर आला होता. "याला नजरेआड करू नकोस," एवढंच आईने निघताना बजावलं होतं.

अंधारात चालवायची त्यांची एक पद्धत होती. मागे वळून पाहायचं नाही. वळलं की हँडल डुगडुगतं आणि मागचा अंगावर येतो. त्यापेक्षा आवाज द्यायचा. कॅप्टन म्हणणार 'एक', त्याच्या मागचा 'दोन', असं करत धाकटा 'सात', आणि सर्वांत शेवटचा 'शेपूट'. शेपूट ऐकू आलं की कॅप्टन निर्धास्त. पद्धत चोख होती. शेपटालाच काही झालं तर कळणार कुणाला, एवढं मात्र कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

त्या शनिवारी दुपारपासून कंपाउंडरचं पोट बिघडलं होतं.

"औषधवाल्यालाच औषध लागलं का?" कॅप्टन सगळ्यांसमोर म्हणाला. "हे बघ, रडतोंड्यांसाठी सफर थांबत नसते."

सगळे हसले. कंपाउंडरही हसला. संध्याकाळी एकाच्या चाकाच्या तारा तुटल्या, त्यात वेळ गेला. मुक्काम गाठायचाच होता, म्हणून रात्रीही चालवत राहिले. बारीक, गार पाऊस. दोन्ही बाजूंना मोकळी शेतं.

पावणेबाराला एका बंद पेट्रोल पंपापाशी कंपाउंडरच्या पोटात अशी कळ आली की तो सायकलवरून उतरला नाही, पडलाच. "थांबा" म्हणाला, पण घशातून नुसती हवा निघाली. पुढचे लाल दिवे लहान होत गेले. एक मोटार आली, त्याच्यावर झोत टाकून गेली. दुसरीने तर हॉर्न वाजवला.

अंगात ताप. तरी त्याला धीर होता. आता पुकारा होईल, शेपूट येणार नाही, मग थांबतील.

लांबून पुकारा सुरू झाला. वाऱ्यावर एकेक आकडा येत होता. शेवटी भावाचा आवाज.

"सात."

मग शांतता...

"शेपूट."

आवाज कंपाउंडरचा स्वतःचा होता.

लाल दिवे पुढेच गेले. थांबले नाहीत. कंपाउंडरने मोजले नाहीत. मोजायचं धाडस झालं नाही.

त्याने भावाला फोन लावला. धाकट्याच्या कानात इअरफोन होता, त्याने चालवता चालवताच उचलला.

"काय रे दादा? मागून ओरडायचं सोडून फोन कशाला?"

"ऐक. मी मागे नाहीये. पंपापाशी पडलोय."

"चेष्टा पुरे हं. आत्ताच तर म्हणालास, जरा थांब, दम लागलाय."

कंपाउंडरला ओकारी आली. ती गिळून तो म्हणाला, "थांबू नकोस. कॅप्टनच्या पुढे जा. मागे बघू नकोस."

पलीकडे धाकट्याचा श्वास. चेनचा आवाज. बाकी काही नाही.

"दादा... मग हा..."

"बोलू नकोस. मार पायडल."

तेवढ्यात फोनमध्ये, अगदी जवळून, कंपाउंडरचाच आवाज आला. मायेने विचारल्यासारखा.

"कुणाचा फोन आहे रे?"

फोन बंद झाला.

काका थांबले. पुतण्याने हातातला पाना खाली ठेवला. "मग?"

मग पहाटे एका दुधाच्या टँकरवाल्याने कंपाउंडरला उचललं. शुद्ध आली तेव्हा हाताला सलाईन आणि खिडकीत उजेड. पोलिसांकडून पत्ता काढून सगळे तसेच चिखलाने भरलेले आले. कॅप्टन पलंगाच्या पायथ्याशी मान खाली घालून उभा राहिला. धाकटा शेवटी आत आला. मुक्कामाचे दिवे दिसेपर्यंत तो कुणाशी एक शब्द बोलला नव्हता.

"थांबलो नाही मी, दादा," तो म्हणाला. "रस्ता सपाट होता. पण सायकल... फार जड जात होती रे."

कंपाउंडरने त्याला जवळ घेतलं. पाठीवरून हात फिरवला आणि हात तिथेच राहिला. बाकीच्यांच्या पाठींवर मागच्या चाकाने उडवलेल्या चिखलाचा पट्टा होता, कमरेपासून मानेपर्यंत. धाकट्याची पाठ कोरडी होती. स्वच्छ. चिखलाचा एक ठिपका नाही.

दारात दवाखान्याचा पहारेकरी येऊन उभा राहिला. त्याने धाकट्याकडे बोट केलं.

"यांच्या सायकलवर डबलसीट आलेले गृहस्थ अजून तसेच कॅरिअरवर बसून आहेत. बोलवा त्यांना आत, पार गारठलेत."