मायची बोली कुठे राहते?

"शस्त्रक्रिया चालू असताना आपण मस्त गप्पा मारायच्या हं, देवरे बाई," डॉक्टर सबनीस मायला हसत म्हणाल्या आणि भाविकाला वाटलं, आपले कान वाजले.

शस्त्रक्रिया कसली, तर मेंदूची! म्हणजे डोक्याची कवटी उघडायची, आतली गाठ काढायची आणि जिची कवटी उघडलीय तिनेच त्या वेळी गप्पा मारायच्या? आता तुम्हीच सांगा, हे कोडं नाही तर काय! पायात साधा काटा रुतला तरी माणूस बोंब ठोकतो. डोकं उघडल्यावर गप्पा कुणाला सुचणार?

ही गोष्ट आहे थोड्या पुढच्या काळातली. भाविका देवरे तेव्हा सहावीत होती. ती, तिची माय आणि तिचे आप्पा साक्रीजवळच्या एका गावाहून नाशिकच्या एका मोठ्या दवाखान्यात आले होते. माय, म्हणजे मोहिनी देवरे, गावच्या शाळेत शिक्षिका होत्या. बोलण्यात अशा पटाईत, की त्यांच्यापुढे सरपंचही गप्प बसायचे. पण अलीकडे त्यांचे शब्द मधेच अडकायला लागले. "मला तो दे... अगं तो..." असं म्हणून त्या नुसत्या हाताने खुणा करायच्या. मग एक दिवस वर्गातच त्यांना फिट आली. तपासणीत दिसलं, की मेंदूच्या डाव्या बाजूला, बोलणं सांभाळणाऱ्या भागाला अगदी खेटून, एक गाठ वाढतेय.

भाविकाला तेव्हापासून एकच प्रश्न छळत होता. गाठीबरोबर मायचं बोलणंही निघून गेलं तर? आप्पांना विचारावं, तर त्यांचाच चेहरा उतरलेला. शेवटी ती व्हरांड्यात तात्यांकडे गेली.

तात्या हे यंत्रमानव होते. पेशंटच्या आणि घरच्यांच्या प्रश्नांना उत्तरं देणं एवढंच त्यांचं काम. कंपनीने त्यांना काहीतरी लांबलचक नाव दिलं होतं, पण बोलण्याआधी ते घसा खाकरल्यासारखा आवाज करायचे, म्हणून नर्सबाईंनी त्यांचं बारसं परस्पर उरकून टाकलं. चाकांवर हळूहळू यायचे, समोर थांबायचे आणि कितीही वेडा प्रश्न विचारा, हसायचे नाहीत.

"तात्या, माय जागी असताना तिचं डोकं उघडणार? तिला दुखेल ना हो!"

"अंहं अंहं," तात्यांनी घसा खाकरला. "आधी हे सांग, तुला चिमटा काढला तर दुखतं कुठे?"

"हाताला. जिथे काढला तिथे."

"वाटतं तसं. पण हातात असतात ते चेतातंतू (निरोप वाहून नेणारे बारीक धागे). ते धावत जाऊन मेंदूला सांगतात, की हाताला चिमटा बसला. दुखल्याची जाणीव होते ती मेंदूत. आणि गंमत बघ, सगळ्या अंगाचं दुखणं ज्याला कळतं, त्या मेंदूत स्वतःचं दुखणं टिपणारी टोकंच नाहीत. त्याला हात लावलेला त्याला कळत नाही."

"काहीतरीच! मग डोकं कसं दुखतं?"

"शाब्बास! वरची कातडी, मेंदूभोवतीचं आवरण, रक्तवाहिन्या, हे सगळं दुखतं. म्हणून तेवढी जागा बधिर करतात. दात काढताना हिरडीत सुई देतात ना, तसंच. कवटी उघडेपर्यंत तुझी आई गाढ झोपलेली असेल. मग तिला हलकेच उठवतील, कामापुरतं बोलतं ठेवतील आणि परत झोपवतील."

भाविकाचा जीव थोडा भांड्यात पडला. पण थोडाच.

"पण उठवायचं कशाला? निजू द्या की तिला!"

"कारण नकाशा हवा. बोलणं मेंदूच्या कुठल्या भागात असतं हे ढोबळमानाने ठाऊक आहे. पण नेमकी जागा प्रत्येकाची वेगळी. तुमच्या गावात घरं सारखीच दिसत असतील, पण कुणाच्या घरात मिठाचा डबा कुठे, हे बाहेरच्याला काय ठाऊक? म्हणून डॉक्टर मेंदूवर एका जागी अगदी सौम्य वीज लावतात. तेवढी जागा क्षणभर थबकते. त्या क्षणी बाई बोलत राहिल्या, तर ती जागा बोलण्याची नाही. त्या अडखळल्या, तर डॉक्टर तिथे आकडा लिहिलेली छोटी चिठ्ठी ठेवतात. म्हणजे इथे कापायचं नाही. वीज काढली की शब्द परत येतो. इतकी यंत्रं आली, मीही आलो, पण हा नकाशा ज्याचा त्यालाच सांगता येतो."

एव्हाना आप्पाही मागे येऊन उभे राहिले होते. त्यांनी टोपी हातात घेतली, पुन्हा डोक्यावर ठेवली.

"तात्यासाहेब, एक विचारू? मागच्या साली माझ्या गाडीवरून ती पडली होती. डोकं आपटलं. त्याच्यानेच तर झालं नाही ना हे?" 

"तेव्हा शुद्ध हरपली होती? उलट्या झाल्या? झोपेतून उठवलं तर उठत नव्हत्या?"

"नाही, नाही. हेल्मेट होतं डोक्यावर. नुसतं टेंगूळ आलं."

"असं काही झालं असतं, तर तेव्हाच दवाखाना गाठायला हवा होता, कारण मार लागल्यावर कवटीच्या आत रक्त साचू शकतं. पण टेंगळाने अशी गाठ होते, असं कुठेही दिसून आलेलं नाही. हेल्मेट घालायला लावलंत, फार चांगलं केलंत. गाठ तुमच्यामुळे झालेली नाही, आप्पा."

आप्पा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. इतके महिने हा माणूस मनावर केवढं ओझं घेऊन फिरत होता, आणि घरात कुणाला पत्ता नाही! भाविकाने त्यांचा हात घट्ट धरला.

"गाठ कॅन्सरची आहे का?" आप्पांनी विचारलं.

"ते मला ठाऊक नाही. प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते. काढलेला तुकडा तपासल्यावरच कळेल," तात्या म्हणाले. माहीत नसेल तिथे ते सरळ तसं सांगायचे.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी रंगीत तालीम झाली. वाचा-उपचारतज्ज्ञ (बोलण्याच्या अडचणींवर काम करणाऱ्या) रेवती ताई पडद्यावर चित्रं दाखवत होत्या आणि माय खुर्चीत ताठ बसून उत्तरं देत होत्या, अगदी शाळा-तपासणीला साहेब आल्यासारख्या.

"हे केळं आहे. हा डोळा आहे. ही शाळा आहे."

"वा, किती स्वच्छ उच्चार!" रेवती ताई म्हणाल्या. माय खूश झाल्या. तालीम संपली, तशी त्यांनी भाविकाकडे वळून हळूच विचारलं, "भूक लागनी का तुले?"

भाविका मान हलवणार, तोच तिच्या डोक्यात काहीतरी लखकन चमकलं.

माय शाळेत बोलायची ती मराठी. घरात मात्र सगळं अहिराणी. उठवायचं, भरवायचं, भांडायचं, लाड करायचे, सगळं अहिराणीत. तिथे केळ्याला केय म्हणायचं, डोळ्याला डोया आणि शाळेला शाया. मग नकाशा काढताय तो कुणाचा? मराठीचाच ना? आपली बोली भलत्याच कोपऱ्यात असली आणि तिथे चिठ्ठीच नसली तर?

"तात्या!" दारात थांबलेल्या तात्यांकडे वळून ती जवळजवळ ओरडलीच. "मायची अहिराणी मेंदूत कुठे राहते? मराठीच्याच घरात, का शेजारी?"

तात्यांच्या डोळ्यांतले दिवे लुकलुकले. 

"अहिराणी? मी विचारलं होतं, मातृभाषा कोणती. बाई म्हणाल्या, मराठी."

"अगं गप गं," माय ओशाळल्या. "दवाखान्यात कुणी बोली सांगतं का? चारचौघांत नीट बोलावं माणसाने."

आता मोहिनी बाईंना हसू नका. आपल्याकडे किती जण असंच करतात! मोठं दार दिसलं, की घरची बोली चपलांसोबत बाहेर काढून ठेवायची.

तात्यांनी तडक डॉक्टर सबनीसांना बोलावलं. त्यांनी भाविकाचं सगळं ऐकून घेतलं आणि त्या तिच्याशेजारीच बाकावर टेकल्या.

"भाविका, दोन भाषा बोलणाऱ्यांच्या मेंदूत दोन्ही भाषांची बरीचशी जागा एकच असते. पण काही ठिकाणं एकाच भाषेची असू शकतात. म्हणून दोन्ही भाषा तपासायला हव्यात. बरं झालं, आज बोललीस. बाई, तुम्हाला कोणती भाषा राहायला हवी?"

मायनी भाविकाकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले. "दोन्ही हव्यात, डॉक्टर. शाळा मराठीवर चालते. पण अहिराणी गेली, तर मी हिच्याशी बोलू कशी?"

पंचाईत अशी, की रेवती ताई मुंबईच्या. त्यांना अहिराणीचं ओ की ठो कळेना. "आणि मला भाषा पुष्कळ येतात," तात्या म्हणाले, "पण अहिराणी माझ्यात फारशी कुणी भरलीच नाही."

"मी विचारीन मायला!" भाविका म्हणाली. 

लेकीशी बोलताना तिच्या मायच्या तोंडी बोली आपसूक येते, असं आप्पा म्हणाले, तेव्हा डॉक्टरांनी त्यांच्याशी बोलून ठरवलं. भाविका आत जाणार नाही. शेजारच्या खोलीत आप्पांच्या जवळ बसेल. पडद्यावर तिला फक्त मायचा चेहरा दिसेल, आणि कधीही नको वाटलं तर उठून जायची मोकळीक असेल. मग आप्पा पुढे विचारतील.

सकाळी शस्त्रक्रिया सुरू झाली. बऱ्याच वेळाने पडद्यावर मायचा चेहरा दिसला. डोळे पेंगुळलेले, पण ओठांवर हसू होतं. आधी रेवती ताईंनी मराठी चित्रं दाखवली. माय बोलत राहिल्या, कुठे अडखळल्या, पुन्हा बोलल्या. चिठ्ठ्या लागत गेल्या.

"आता तू," शेजारी थांबलेले तात्या हळूच म्हणाले.

भाविकाने माईक तोंडाशी धरला. "माय, हाई काय शे?"

आपल्या लेकीचा आवाज ऐकून माय खुदकन हसल्या. "केय."

"आनि हाई?"

"डोया."

पुढचं चित्र शाळेचं होतं. मघाशी मराठीत विचारलं, तेव्हा वीज लावलेली असूनही माय "शाळा" असं खणखणीत म्हणाल्या होत्या. आता डॉक्टरांनी पुन्हा त्याच जागी वीज लावली.

"आनि हाई काय शे, माय?"

मायचे ओठ हलले. आवाज नाही. त्यांनी चित्राकडे पाहिलं, कपाळाला आठ्या घातल्या. शब्द येईना. भाविका पडद्याजवळ सरकली. आप्पांनी डोळेच मिटून घेतले. गेली का बोली? माय अशीच मुकी राहणार का आता?

वीज निघाली.

"शाया!" माय म्हणाल्या. "मनी शाया शे ती." (माझी शाळा आहे ती.)

"पुन्हा एकदा बघू," आतून डॉक्टरांचा आवाज आला. त्यांनी परत तपासलं. परत मराठी आली आणि अहिराणी थबकली. "ही जागा अहिराणीची आहे. चिठ्ठी लावा. इथे हात लावायचा नाही. भाविका, तू सांगितलं नसतंस, तर ही जागा आम्हाला मोकळी वाटली असती."

भाविका रडत होती, हसत होती, आणि मधेच पुढचं चित्र शोधत होती.

काम संपल्यावर डॉक्टर बाहेर आल्या. "गाठ बहुतेक सगळी निघाली. अहिराणीच्या चिठ्ठीखालच्या जागेला चिकटलेला गाठीचा एक लहानसा कण मात्र मुद्दामच ठेवलाय. तो काढायला गेलो असतो, तर बोली गेली असती. त्याच्यावर लक्ष ठेवू, लागले तर उपचार करू."

"आता बोलेल ना माय?"

"लगेच नाही कदाचित. कापल्यावर बोट सुजतं, तसा मेंदूही थोडा सुजतो. सूज उतरली की शब्द येतील. जरा वाट बघायची."

वाट बघणं काय सोपं असतं! पहिला दिवस माय नुसत्याच बघत राहिल्या. भाविका उशाशी बसून गावच्या, शाळेच्या, शेजारच्या म्हशीच्या गोष्टी सांगत राहिली. उत्तर नाही. दुसऱ्या दिवशीही ती तशीच येऊन बसली. केस पिंजारलेले, फ्रॉक कालचाच. मायनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. भुवया वर गेल्या. ओठ थरथरले.

"आंघोय... आंघोय करी का नही तू?"

मुलांनो, आंघोळीवरून बोलणी खाऊन इतका आनंद जगात कुणाला झाला नसेल! "नही करी! नही करी, माय!" असं म्हणत भाविका त्यांच्या हातावर डोकं ठेवून हमसाहमशी रडली. आप्पा दारात उभे होते. हा माणूस चारचौघांत कधी बोली न बोलणारा, तोही त्या भरल्या वॉर्डात अहिराणीत मोठमोठ्याने बोलायला लागला. मराठी शब्दही मग हळूहळू आले, थोडे सावकाश आले, पण आले. काही दिवसांनी तपासणीचा निकाल लागला, की गाठ सावकाश वाढणाऱ्या प्रकारची होती. दर काही महिन्यांनी येऊन दाखवायचं होतं.

घरी निघण्याआधी तात्यांनी भाविकाला थांबवून घेतलं आणि तिच्याकडून जेवढी जमेल तेवढी अहिराणी शिकून घेतली. मग ते नव्या पेशंटकडे गेले. मेळघाटातून आलेले एक आजोबा खाटेवर अंग चोरून बसले होते.

"आजोबा," तात्यांनी घसा खाकरला, "घरी नातवंडांवर रागावता, ते कोणत्या भाषेत?"

आजोबांनी इकडेतिकडे पाहिलं, कुणी ऐकत नाही ना म्हणून. मग हळूच म्हणाले, "कोरकूत."

"छान," तात्या म्हणाले. "मग कोरकू बोलणारं माणूस शोधतो. तोवर मला एखादा शब्द शिकवा."