पोशाचा ठोकळा

तुम्ही विश्वास ठेवा, नाहीतर ठेवू नका. मी आबाजी, खोपोलीचा एके काळचा लॉरी ड्रायव्हर. देवाशपथ खरं सांगतोय. आणि आजच सांगतोय, कारण माझा धाकटा भाऊ पोपट सकाळी तीच लॉरी घेऊन बोरघाटात गेलाय.

माझ्या जिवाला घोर लागलाय.

१९४६ चा मार्गशीर्ष. रात्र नव्हे. भर दुपारचे बारा. लख्ख ऊन.

कर्जतहून तांदूळ भरून आम्ही खंडाळ्याला निघालो होतो. सोबत माझा क्लीनर पोशा. आमच्याच आळीतला, पन्नाशीचा गडी. तीन दिवस त्याचं एकच चाललं होतं.

"वस्ताद, ब्रेक किंचाळतोय. गाडी बी डावीकडं वढतीय. खोलून बगा."

पायडल खोल जातंय हे मलाही कळत होतं. हँडब्रेक तर कधीच कामातून गेला होता. पण दोन दिवस गाडी उभी कोण करणार?

"तू क्लीनर हायस. ठोकळा सांभाळ, अक्कल पाजळू नको," मी खेकसलो.

घाटात इंजिन तापलं. चढावरच्या वळणावर थांबलो. चाकाखाली लावायचा लाकडी ठोकळा घेऊन पोशा उतरला. मागच्या चाकाशी वाकला...

माझा पाय ब्रेकवरच होता. पायडल तळाला टेकलं.

लॉरी मागे गेली.

कठड्याला अडकून थांबली, तोवर पोशा संपला होता. ठोकळा त्याच्या हातातच होता. तो मी सोडवला आणि दरीत भिरकावला. माझ्या त्या करणीची मला आजही किळस येते.

चौकशीत सांगितलं, "ब्रेक चांगला होता. पोशानं ठोकळा आणलाच नव्हता."

त्याची बायको कोंडी समोर बसली होती. नजर माझ्यावरच रोखलेली.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी... बरोबर बाराला... माझ्या अंगणात ब्रेक किंचाळला.

बाहेर धावलो. अंगण रिकामं. रस्त्यावर बैलगाडीसुद्धा नाही.

उंबऱ्याशी मात्र... तो ठोकळा होता.

चुलीत जाळला. दुसऱ्या दिवशी परत तिथंच. पाताळगंगेत सोडला. परत आला. कोरडाच.

दोन वर्षं रोज बाराला तो आवाज. मी गाडी सोडली. लॉरी पोपट चालवायला लागला.

काल संध्याकाळी तो लॉरी घेऊन दारात आला आणि तोच आवाज आला... या वेळी खरा. चाकातून.

"पोपट, उद्या जाऊ नको. आधी ब्रेक खोलून बघ."

तो हसला. "दादा, तवा बी ब्रेक चांगला होता, पोशाच चुकला, तूच सांगितलंस ना? माजा क्लीनर ठोकळा इसरत नाय."

मी तोंड उघडलं. भावापुढं खोटारडा ठरलो असतो. लाज वाटली. गप्प बसलो.

सकाळी जाग आली तेव्हा तो निघून गेला होता.

मी धावत कोंडीकडे गेलो. सगळं सांगितलं. ब्रेकचं, ठोकळ्याचं, दरीचं.

ती तांदूळ निवडत होती. मानसुद्धा वर केली नाही.

"ब्रेकचं त्यांनी तवाच घरी सांगितलं व्हतं मला. दोन वर्सं वाट बगितली तुमची, आबाजीभाव. आता मला सांगून काय? तुमच्या भावाला सांगा."

घरी आलो. बारा वाजले. कान देऊन बसलो.

आवाज आला नाही. दोन वर्षांत पहिल्यांदा...

उंबऱ्याकडे पाहिलं.

ठोकळा नव्हता.

पोशा तो घेऊन घाटात गेलाय. माझ्या भावाच्या चाकाशी. लावायला गेलाय की काढून घ्यायला, ते मला माहीत नाही.

पोपट दोनला परत येतो. आता चार वाजलेत.