चित्रात नसलेलं घर

पावसाची सर आली तशी हेल्मीने चित्राची फळी पोटाशी धरली आणि समोर दिसली त्या होडीच्या ताडपत्रीखाली घुसली. आत एक माणूस जाळ्याचा गुंता सोडवत बसला होता.

"या, या. आपलीच होडी आहे," तो म्हणाला. "म्हणजे… माझी आहे."

त्याचं नाव ॲम्ब्रोज. त्याचे ओजिब्वे जमातीचे वाडवडील कॅनडातल्या जॉर्जियन बे या उपसागराच्या काठावर केव्हापासून मासे धरत होते, ते मोजायच्या भानगडीत कुणी पडत नसे. हेल्मी सडबरी शहरातली चित्रकार. ऑक्टोबर लागला की अशी मंडळी इथे उगवतातच. खडकावर बसायचं, वाऱ्याने वाकलेला पाइन काढायचा, मागे पाणी, वर ढग. माणूस औषधालाही नाही. शाळेच्या भिंतीपासून कॅलेंडरापर्यंत सगळीकडे हाच देश टांगलेला. अकरा वर्षं तो रंगवून हेल्मीला त्या पाइनचा मनापासून वीट आला होता. पण टोरांटोच्या एका बड्या हॉटेलाला दर्शनी भिंतीसाठी तेच हवं होतं, आणि हे काम हातचं गेलं तर चित्रकला गुंडाळून पुन्हा नोकरी धरावी लागणार होती.

"बघू?" त्याने फळी हातात घेतली. बराच वेळ बघितली. "झकास. पण आमचं घर कुठे गेलं?"

"कुठलं घर?"

त्याने ताडपत्रीबाहेर बोट दाखवलं. पाइनच्या डाव्या अंगाला निळ्या पत्र्याचं घर होतं. धुराडं होतं, दोरीवर चादरी होत्या. चार दिवस ती त्या घराकडेच तोंड करून बसली होती. मुद्दाम वगळलं असतं तर काही सांगता तरी आलं असतं. पण हाताला सवयच तशी लागली होती. हेल्मीचे कान तापले.

"आजीच्या वेळेपासून येतायत चित्रकार," तो हसला. "आजी त्यांना मासे विकायची. जेवायच्या वेळी मात्र बरोबर दिसायचो आम्ही त्यांना."

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "आज घर काढते. तुम्ही दारात उभे राहा."

"हसू की गंभीर?"

"गप्प राहा. तेवढं जमलं तरी पुष्कळ."

घर वाकडं आलं. पुसलं, पुन्हा काढलं. आठवडाभर हेच. तो थर्मासमधून कॉफी आणि धुरावलेला मासा घालून पाव आणायचा. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांच्याही ध्यानात आलं नाही. एकदा तिची गारठलेली बोटं त्याने आपल्या हातात घेतली.

"रंग लागेल…" ती पुटपुटली.

"लागू दे की."

मग टोरांटोहून हॉटेलचं काम आणणाऱ्या दलालाचा फोन आला. तिने पाठवलेला चित्राचा फोटो त्याला आवडला होता. "फक्त ते घर पूस, आणि दारातला माणूस. लोकांना कॅनडा बघायचाय, हेल्मी."

ती ब्रश घेऊन बसली. दोन फटकाऱ्यांचं काम. आधी घर पुसावं, की माणूस? अर्धा तास गेला, हात काही उठेना. शेवटी तिने फोन उचलला आणि 'नाही' म्हणून टाकलं. मग एवढी दमली, की रडूसुद्धा आलं नाही.

ॲम्ब्रोज धक्क्यावर होडी बांधत होता. तिने सगळं सांगितलं.

"वेडी आहेस का? एका घरापायी एवढं काम घालवलंस?"

"घरापायी नाही रे." ती म्हणाली. "तुला पुसायला सांगत होता… मला नाही जमलं. तू आवडतोस मला. झालं?"

त्याने दोरीला शेवटची गाठ मारली.

"आई रोज म्हणते," तो हळूच म्हणाला, "ती पोर थंडीत खडकावर बसते, तिला घरात का बोलवत नाहीस?"

"मग का नाही बोलावलंस?"

"पहिले चार दिवस हात करत होतो की दारातून," तो म्हणाला. "तू बघायचीस… आणि पाइन काढायचीस."